रोमन अक्षरांतून मराठी आणि इतर भारतीय भाषा टाइप करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले पाच प्रश्न नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे आहेत. रोज लिहिणाऱ्यांनी थेट प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल. बटणांची नावंही देवनागरीतच दिली आहेत : 'के', 'कॅपिटल एल' अशी.

१. लिप्यंतर कीबोर्ड म्हणजे नक्की काय? त्यासाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागतो का?

नाही. हातातला कीबोर्ड आहे तोच राहतो. तुम्ही मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करता आणि संगणकातला प्रोग्राम तो देवनागरीत उमटवतो. 'जी, एच, ए, आर' दाबलं की 'घर'. हे भाषांतर नाही. इंग्रजी शब्द टाइप करून मराठी प्रतिशब्द मिळेल अशी अपेक्षा असेल तर ते काम वेगळ्या साधनांचं आहे.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. फाइलमध्ये साठते ती देवनागरी. तुम्ही दाबलेली रोमन अक्षरं कुठेही राहत नाहीत. म्हणून 'मी स्पेलिंग बरोबर टाइप केलं होतं' या म्हणण्याला अर्थ नसतो. पडद्यावर काय उमटलं ते वाचायची सवय हवी. खालच्या निम्म्या तक्रारी ही सवय नसल्यामुळे येतात.

२. फोनेटिक, लिप्यंतर, इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन... यांतलं मी कोणतं घेऊ?

मुळात तीन प्रकार आहेत.

पहिला, अंदाज बांधणारं लिप्यंतर. गूगलचं इनपुट टूल आणि विंडोजचं 'मराठी फोनेटिक' या गटातले. तुम्ही शब्द जमेल तसा रोमनमध्ये लिहिता, प्रोग्राम चारपाच पर्याय दाखवतो, तुम्ही एक निवडता.

दुसरा, नियमानं चालणारं लिप्यंतर. आयट्रान्स, बराहा, गमभन ही त्यातली नेहमीची नावं. इथे अंदाज नसतो. कॅपिटल टी म्हणजे ट, स्मॉल टी म्हणजे त, दर वेळी तेच. नियम आधी पाठ करावे लागतात.

तिसरा, ज्यात रोमन अक्षरांचा संबंधच नाही असा. प्रत्येक बटणावर देवनागरी अक्षर ठरलेलं असतं. इनस्क्रिप्ट ही भारत सरकारची प्रमाण मांडणी. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती दिलेली आहे. रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरवरून आलेली मांडणी.

आठवड्याला दोनचार पत्रं आणि निरोप लिहायचे असतील तर पहिला प्रकार पुरेसा आहे. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर माझा आग्रह दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराचा राहील. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

३. विंडोजवर मराठी फोनेटिक कसं सुरू करू?

विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीसह १० भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडा, भाषांच्या यादीत मराठी घाला, मराठीच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'ॲड अ कीबोर्ड' म्हणा आणि 'मराठी फोनेटिक' निवडा.

नुसती मराठी भाषा घालून थांबलात तर बहुधा इनस्क्रिप्ट सुरू होईल आणि 'के' दाबल्यावर 'क' आला तरी 'ए' दाबल्यावर भलतंच काही उमटेल. 'मराठी घातली पण काहीही टाइप होतंय' या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं.

इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा.

४. मॅक आणि लिनक्सवर काय करायचं?

मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'इनपुट सोर्सेस'खाली 'देवनागरी – क्वर्टी' मिळेल. तो नियमानं चालणारा आहे. लिनक्सवर आयबस किंवा एफसीआयटीएक्स (भाषा टाइप करू देणारे प्रोग्राम) बसवून त्यात एम१७एन हा मांडण्यांचा संच घातला की मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट आणि गमभन असे पर्याय येतात. मला विचाराल तर नियमाच्या लिप्यंतरासाठी लिनक्ससारखी सोय दुसरीकडे नाही.

दुसऱ्याच्या संगणकावर बसला असाल आणि काही बसवायची परवानगी नसेल, तर मराठी विकिपीडियाच्या कोणत्याही लेखनचौकटीत 'अक्षरांतरण' निवडून लिहिता येतं. कंट्रोल आणि एम दाबलं की ते चालू-बंद होतं.

५. गूगलचं जुनं, नेटशिवाय चालणारं इनपुट टूल सापडत नाही. एका साइटवर फाइल मिळाली, ती बसवू का?

बसवू नका. विंडोजवर डाउनलोड करून वापरायची ती आवृत्ती गूगलनं देणं बंद केलं आहे. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन वेगळं, ते ब्राउझरपुरतं चालतं. इतर साइटींवर फिरणाऱ्या जुन्या फायली कुणी हाताळल्या असतील हे कळायला मार्ग नाही, आणि कीबोर्डचा प्रोग्राम तुमचं प्रत्येक बटण पाहत असतो. बँकेचा पासवर्डसुद्धा. नेटशिवाय लिहायचं असेल तर विंडोजचं स्वतःचं फोनेटिक (प्रश्न ३) वापरा.

पासवर्डबाबत आणखी एक सवय लावून घ्या : पासवर्ड टाकायच्या आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे मराठी चालू असल्याचं लक्षात येत नाही आणि तीनदा चुकून खातं बंद पडतं.

६. ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल वेगळे कसे आणायचे?

नियमाच्या लिप्यंतरात सोपं आहे. आयट्रान्समध्ये स्मॉल टी, डी, एन, एल म्हणजे त, द, न, ल. तीच अक्षरं कॅपिटल घेतली की ट, ड, ण, ळ. मागे एच लावला की थ-ध आणि ठ-ढ. 'विठ्ठल' लिहायचा तर व्ही, आय, कॅपिटल टी, एच, पुन्हा कॅपिटल टी, एच, मग ए, एल, ए. 'ष'साठी कॅपिटल एस आणि एच, 'छ'साठी कॅपिटल सी आणि एच.

अंदाजाच्या लिप्यंतरात शिफ्टवर फार विसंबू नका. तिथे प्रोग्राम अख्खा शब्द बघून ठरवतो. 'के, ए, एल' एवढंच टाइप केलंत तर कल, कळ, काल आणि काळ हे चारही शब्द त्यातून निघू शकतात आणि चारही बरोबर आहेत. तुमच्या मनात कोणता आहे हे प्रोग्रामला कळत नाही. दीर्घ 'आ'साठी ए दोनदा दाबलात तर निदान दोन पर्याय कमी होतात. बाकी निवड डोळ्यांनीच करावी लागते.

७. यादीत पहिला आलेला शब्द मी घेतो, तरी लोक शुद्धलेखनाच्या चुका काढतात. प्रोग्राम चुकीचे शब्द का देतो?

कारण प्रोग्रामला शुद्धलेखनाचे नियम ठाऊक नसतात. लोक जास्त वेळा काय लिहितात तेवढंच त्याला ठाऊक असतं, आणि देवनागरीत मराठीखेरीज हिंदीही लिहिली जाते.

'व्यक्ती' घ्या. रोमनमध्ये शेवटी एकच आय दाबला की 'व्यक्ति' आणि 'व्यक्ती' दोन्ही समोर येऊ शकतात. हिंदीत ऱ्हस्व बरोबर. मराठीत मात्र साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार (१९६२ चे १४ आणि १९७२ ला भर पडलेले ४) तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या) इकारान्त-उकारान्त शब्दांचा शेवट दीर्घ लिहायचा : व्यक्ती, शक्ती, बुद्धी, कवी, गुरू. 'आणि' आणि 'नि' हे नेहमीचे अपवाद. पण तोच शब्द समासात किंवा संस्कृत प्रत्ययाआधी आला की मूळचा ऱ्हस्व परततो : व्यक्तिमत्त्व, शक्तिमान, बुद्धिमत्ता, कविराज. 'व्यक्ती' नीट निवडणारे पुढच्याच ओळीत 'व्यक्तीमत्व' लिहून जातात, कारण प्रोग्राम तोही पर्याय तितक्याच खात्रीनं पुढे करतो.

त्या शब्दात दुसरीही चूक दडलेली आहे. महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत 'त' दोनदा असतो, कारण मूळ 'महत्' अधिक 'त्व' असं आहे. रोमनमध्ये टी दोनदा दाबा आणि उमटलेल्या जोडाक्षराकडे नीट बघा. लहान फॉन्टमध्ये 'त्त्व' आणि 'त्व' यांत फरक दिसत नाही. शंका आली तर मजकूर मोठा करून बघा.

तिसरा सापळा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराचा. 'मूल', 'फूल', 'पूल' यांत ऊ दीर्घ, पण 'मुलाला', 'फुलांचा', 'पुलावर' यांत ऱ्हस्व. रोमनमध्ये आपण दोन्हीकडे एकच यू दाबतो आणि निवड प्रोग्रामवर सोडतो.

म्हणूनच प्रश्न २ मध्ये म्हटलं की भरपूर लिहिणाऱ्यांनी नियमाच्या मांडणीकडे जावं. तिथे ऱ्हस्व-दीर्घ तुमचं बोट ठरवतं, त्यामुळे प्रत्येक वेळी मनात नियम जागा होतो. काही महिन्यांत शुद्धलेखनच सुधारतं. अंदाजाच्या मांडणीत उलट घडतं : चुकीचं रूप रोज समोर येतं आणि तेच डोळ्यांना बरोबर वाटू लागतं.

८. नियमाच्या लिप्यंतरात शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला येतो. 'काम'चं 'काम्' होतं. काय चुकतंय?

काहीच चुकत नाही, शेवटचा ए राहिला आहे. या पद्धतीत व्यंजन दाबलं की ते आधी पाय मोडूनच येतं, स्वर दिला की पूर्ण होतं. मराठीत आपण 'काम' बोलताना शेवटचा अ उच्चारत नाही म्हणून टाइप करायलाही विसरतो. के, ए, ए, एम, ए असं पूर्ण टाइप करा. काही साधनं शब्दाच्या शेवटचा हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आपोआप काढतात. तिथे उलटी अडचण येते आणि मुद्दाम पाय मोडायचा असेल तर वेगळं चिन्ह द्यावं लागतं. आयट्रान्समध्ये ते 'टिंब आणि एच' असं आहे.

९. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला आडवा र येतच नाही. 'दुसर्या' असा रफार येतो.

मराठी टायपिंगमधला हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. रफार देऊन चालत नाही, कारण अर्थ बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांनी' म्हणजे गुरुजींनी, 'आचाऱ्यांनी' म्हणजे स्वयंपाक्यांनी.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह दिला की आडवा र तयार होतो : ऱ्य, ऱ्ह. तऱ्हा, कुऱ्हाड, कऱ्हाड सगळे यातूनच.

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह, मग तिरप्या रेघेचं बटण म्हणजे य. तीन ठोक्यांत काम होतं. अंदाजाच्या लिप्यंतरात पर्यायांची यादी शेवटपर्यंत बघा, बऱ्याचदा योग्य रूप तिसरं-चौथं असतं. वर्डमध्ये अडलात तर इंग्रजी अंकांत ०९३१ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, ऱ उमटेल. त्याच पद्धतीनं ०९४डी टाइप केलं की पाय मोडतो. वारंवार लागणारे शब्द ऑटोकरेक्टमध्ये एकदाच भरून ठेवणं सगळ्यांत सोयीचं.

आडवा र आणण्याची दुसरीही एक रीत आहे : साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. दिसायला फरक नाही, पण साठवण वेगळी, आणि त्यातून प्रश्न १२ उभा राहतो. दोन्हींतलं निवडायचं असेल तर ऱ वापरा.

१०. 'ॲप', 'ॲसिड' लिहिताना चंद्र कुठे द्यायचा? ऍ, अॅ, ॲ असं तीन प्रकारचं दिसतं.

मराठीत चंद्र अ वर असतो : ॲ. हे एकसंध अक्षर आहे, क्रमांक ०९७२, आणि ते युनिकोडमध्ये २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये आलं. त्याआधी लोकांनी दोन वाटा काढल्या होत्या. काहींनी हिंदीकडचा ए वरचा चंद्र वापरला, काहींनी साधा अ लिहून त्यापुढे सुटा चंद्र लावला. दुसरी वाट हुबेहूब ॲ सारखीच दिसते, पण आतून ती दोन चिन्हं असतात. नवं लिहिताना ०९७२ चाच वापर करा.

११. ज्ञ, क्ष, ऋ, वाङ्मयातला ङ... हे कसे?

ज्ञ साठी आयट्रान्समध्ये डी-एन-वाय हा मराठी उच्चाराला जवळचा मार्ग चालतो, कॅपिटल जी-वाय हाही चालतो. अंदाजाच्या साधनात शब्द पूर्ण टाइप करून यादीतून घ्या. क्ष साठी के, कॅपिटल एस, एच.

'कृ' आणि 'क्रु' यांची गल्लत फार होते, कारण के-आर-यू दाबलं की दोन्ही मिळू शकतात. कृष्ण, कृपा, आकृती यांत ऋकार आहे. क्रूर, क्रम यांत र जोडलेला.

'वाङ्मय' लिहिताना काही फॉन्ट ङ आणि म एकमेकांवर रचतात आणि वाचायला त्रास होतो. ङ चा पाय स्पष्ट मोडलेला दिसायला हवा असेल तर हलन्तानंतर झिरो विड्थ नॉन-जॉइनर टाका. पण हा उपाय दिसण्यापुरता आहे, शब्दाशब्दात वापरू नका. तेही न दिसणारं चिन्ह आहे.

१२. शब्द पानावर समोर दिसतोय, पण 'फाइंड' केलं तर सापडत नाही. असं कसं?

संगणक आकार ओळखत नाही, क्रमांकांची रांग ओळखतो. सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांची रांग वेगळी असेल तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. प्रश्न ९ मधला आडवा र आणि प्रश्न १० मधला ॲ ही दोन नेहमीची कारणं.

तिसरं कारण सर्वांत छुपं : 'ओ'ची मात्रा एकसंध न देता काना आणि वर एक मात्रा अशी दोन तुकड्यांत दिलेली असते. तसंच 'आ' ऐवजी अ आणि सुटा काना. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात (प्रश्न १५) हे हमखास भेटतं. ओळखायची खूण सोपी आहे : 'मो' नंतर कर्सर ठेवून एकदाच बॅकस्पेस दाबा. 'म' उरला तर मजकूर निरोगी. 'मा' उरला तर मात्रा तुकड्यांची आहे. मग फाइंड-रिप्लेसनं संपूर्ण फाइलमध्ये एकदाच दुरुस्ती करून घ्या.

१३. बॅकस्पेस दाबलं की अर्धंच अक्षर पुसतं, डिलीट दाबलं की पूर्ण जातं. बिघाड आहे का?

नाही. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण ती चार चिन्हं आहेत : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. बॅकस्पेस सहसा शेवटचं एकच चिन्ह काढतं, डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर काढतं. हे सोयीचंच आहे; फक्त वेलांटी चुकली असेल तर बॅकस्पेसनं तेवढीच बदलता येते.

१४. मजकुराच्या जागी चौकोन, ठिपक्यांचं वर्तुळ किंवा प्रश्नचिन्हं दिसतात.

तिन्हींची कारणं वेगळी आहेत. चौकोन म्हणजे त्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही; फॉन्ट बदला, मजकूर शाबूत आहे. ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे वेलांटी किंवा मात्रा व्यंजनाशिवाय एकटी पडली आहे. टाइपरायटरची सवय असलेले ऱ्हस्व वेलांटी आधी देतात, तेव्हा असं होतं. युनिकोडमध्ये व्यंजन आधी, वेलांटी नंतर, दिसायला ती आधी असली तरी.

प्रश्नचिन्हं मात्र वाईट बातमी असते. फाइल जुन्या सांकेतिक पद्धतीत साठवली गेली आणि मूळ अक्षरं गेली. ती परत येत नाहीत. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्त्याची फाइल) काढताना 'यूटीएफ-८' (युनिकोड साठवायची पद्धत) लिहिलेला प्रकारच निवडा.

१५. जुनी फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीमध्ये आहे. फॉन्ट बदलला की सगळी रोमन अक्षरं दिसतात.

कारण आत खरोखर तशीच अक्षरं साठवलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. अशा मजकुराला त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि प्रश्न १२ मधली मात्रा या तीन जागा डोळ्यांखालून घाला. मूळ फाइल कधीही पुसू नका.

१६. माझा ल आणि श हिंदीसारखा दिसतो. मराठी वळणाचा कसा आणायचा?

दोन्ही वळणांना क्रमांक एकच आहे, फरक फॉन्टचा आहे. टायपिंगमध्ये बदल करून काही होणार नाही. मराठी वळण मुळातच असलेला फॉन्ट घ्या, जसा 'टिरो देवनागरी मराठी'. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की योग्य वळण येतं. वेबपानावर भाषेची खूण मराठीची ठेवली तर याचा फायदा मिळतो.

१७. फोटोशॉपमध्ये पेस्ट केलं की जोडाक्षरं मोडतात.

टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर' आहे. मजकूर पुन्हा टाइप करायची गरज नाही.

१८. देवनागरी अंक आणि रुपयाचं चिन्ह?

विंडोजवर इंग्रजी (भारत) कीबोर्ड ठेवून उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं. देवनागरी अंक इनस्क्रिप्टमध्ये मिळतात. लिप्यंतर साधनांत त्यासाठी वेगळी निवड असते. वाचायच्या मजकुरात देवनागरी अंक जरूर वापरा. हिशेबाच्या तक्त्यात मात्र आधी दोन खान्यांची बेरीज करून बघा. प्रोग्रामनं ते अंक मजकूर म्हणून धरले असतील तर बेरीज होणार नाही.

१९. मराठी निरोप एसएमएसनं पाठवला की दोन-तीन निरोपांचे पैसे का जातात?

रोमन निरोपात १६० अक्षरं बसतात, देवनागरीच्या निरोपात ७०. आणि प्रश्न १३ मध्ये सांगितल्याप्रमाणे इथे मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षि' म्हणजे ४. फॉर्मवरच्या अक्षरमर्यादेचंही असंच आहे. काही ठिकाणी बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) मोजतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात.

२०. याच सवयीनं गुजराती, कन्नड, तमिळ, बंगाली टाइप करता येईल का?

गुजराती लगेच जमेल. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळममध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन दोन रूपं आहेत, ती वेगळी टाइप करावी लागतात. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. बंगालीत व आणि ब यांना एकच अक्षर, त्यामुळे तिथे संस्कृत शब्दही बंगाली उच्चारानं मनात आणून टाइप करावे लागतात. बंगालीसाठी २००३ पासून असलेला अव्रो कीबोर्ड फार चांगला आहे.

तीन-चार लिप्यांत काम करणाऱ्यांनी इनस्क्रिप्टचा विचार जरूर करावा. क सगळ्या लिप्यांत एकाच बटणावर असतो, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एकदा बसलेली बोटं पुढच्या लिपीत तशीच चालतात.

२१. टायपिंगच्या परीक्षेत लिप्यंतर चालतं का?

सहसा नाही. परीक्षेच्या सूचनेत मांडणीचं नाव दिलेलं असतं, बहुधा इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टनचा एखादा प्रकार. सराव सुरू करण्याआधी ते नाव तपासा आणि नेमक्या त्याच मांडणीवर सराव करा.

२२. ऑनलाइन अर्जात इंग्रजी नाव भरलं की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप येतं, पण ते चुकीचं. बदलता येतं का?

बहुतेक अर्जांत येतं, आणि बदलायलाच हवं. त्या रकान्यामागे प्रश्न ६ मधलंच अंदाजाचं लिप्यंतर असतं. 'के, ए, एल, ई' या चार अक्षरांतून काळे, काले आणि काळ्याशी काही संबंध नसलेलं केल हे सगळं निघू शकतं. शब्दांच्या बाबतीत वाक्यावरून चूक कळते, आडनावाच्या बाबतीत कळत नाही. अर्ज पुढे गेला की तेच नाव दाखल्यावर छापून येतं आणि मग दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रापर्यंत जावं लागतं.

आपोआप आलेलं नाव पूर्ण पुसा. एका वेगळ्या फाइलमध्ये स्वतःचं, आईवडिलांचं आणि गावाचं नाव नीट टाइप करून ठेवा आणि तिथून चिकटवा. काही रकाने चिकटवू देत नाहीत. तिथे विंडोजचा मराठी कीबोर्ड चालू करून थेट लिहा. त्यासाठी रकान्याचं स्वतःचं लिप्यंतर आधी बंद करावं लागतं, नाहीतर दोन्ही एकाच वेळी काम करतात आणि अक्षरं दुप्पट उमटतात. 'सबमिट' दाबायच्या आधी ळ-ल, ण-न, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार असं एकेक अक्षर आधारकार्डाशी किंवा शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा. त्या दोन कागदांवरच नाव वेगवेगळं असेल तर अर्जाच्या सूचनेत कोणता कागद पुरावा म्हणून मागितला आहे ते पाहून त्यावरचंच नाव भरा.